रोकफोर चीज: कोंबालू डोंगराच्या पोटातली चव

निळ्या बुरशीचे चीज पणजीच्या दुकानांत मिळते, पण रोकफोरची सर त्याला नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच. जहाजावर काम करणाऱ्या माझ्या पुतण्याने मार्सेयहून हा तुकडा आणला. वेष्टनावर लाल मेंढीचा शिक्का असतो, तो पाहूनच घ्यावे.

कापल्यावर आत हिरव्यानिळ्या शिरा. जिभेवर आधी खारटपणा चढतो, मग ते लोण्यासारखे विरघळते आणि शेवटी मेंढीच्या दुधाची गोडी रेंगाळते. ही चव कुठून येते, ते गाव समजून घेतल्याशिवाय कळायचे नाही.

रोकफोर-सुर-सुलझों हे दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों जिल्ह्यातले, हजारभरही वस्ती नसलेले गाव, कोंबालूच्या कड्याखाली चिकटून वसलेले. जवळचे लार्झाकचे पठार चुनखडीचे, पाणी न धरणारे, मेंढपाळांचे. फार पूर्वी कोंबालूचा एक भाग ढासळला आणि खडकांत खोल भेगा राहिल्या. त्यांतून थंड, दमट हवा गुहांत खेळती राहते. लाकोन जातीच्या मेंढ्यांच्या न तापवलेल्या दुधाचे हे चीज त्या गुहांतच मुरवावे लागते. तयार व्हायला किमान ९० दिवस. एके काळी आसपासच्या खेड्यांतल्या बायका त्या गारठ्यात दिवसभर चीज खरवडत, उलटत. त्यांचे हात डोळ्यांपुढे आले की पुतण्याने सांगितलेली किंमत मला जास्त वाटत नाही.

फ्रान्सने १९२५ साली कायदा करून हे नाव या चीजसाठी राखून ठेवले. आपल्या काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळायला २००९ साल उजाडले. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या भट्टीवाल्यांची, काजूच्या डोंगरांची हकिकतही फेणीच्या बाटलीसोबत लोकांपर्यंत अशीच पोचावी, असे मला मनापासून वाटते.

आता खाण्याचे सांगते. आपल्या उकाड्यात फ्रीजमधून काढून पाव तास ठेवले की पुरे, त्याहून जास्त ठेवले तर पाणी सुटते. भाजलेल्या पोयवर, म्हणजे आपल्या गोव्याच्या पावावर, पातळ थर लावावा, वर मानकुराद आंब्याचे मांगाड, म्हणजे आंब्याचा गोड मुरंबा. खारट आणि गोड असे काही जुळते की सोबत दुसरे काही नको. शाकाहारी मंडळींनी मात्र हे घेऊ नये, कारण दूध जनावराच्या जठरातल्या रेनेटने गोठवतात. दूध कच्चे असल्यामुळे गरोदर बायकांनीही टाळावे. उरलेला तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून डब्यात ठेवा, नाहीतर खवलेल्या नारळालाही वास लागतो.