ईएलएम३२७ ब्लूटूथ स्कॅनर, जुन्या गाडीवाल्यांनी घ्यावा का?
आमची डिझेल २०१३ ची, दोन लाख किमी कधीच पार झाले, चेक इंजिनचा लाईट लागला की गॅरेजवाला नुसता स्कॅनर लावायचेच पैसे घेतो, म्हणून गाडीचे फॉल्ट कोड फोनवर दाखवणारा हा छोटा स्कॅनर मागवला. स्टेअरिंगखाली १६ पिनचं पोर्ट असतं तिथे खोचायचा, इग्निशन ऑन, फोनला पेअर (पिन १२३४ नाहीतर ००००), टॉर्क अ‍ॅप उघडलं की झालं. पहिलाच कोड आला पी०४०१, म्हणजे ईजीआरचा (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी सिस्टीम) फ्लो कमी. आता लगेच नवीन व्हॉल्व्ह ऑर्डर करू नका हां, कोड आला म्हणजे पार्ट गेला असं नसतं, आधी खोलून बघा. आमच्यात नुसती काजळी, कार्ब क्लीनर आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो, गॅस्केट तेवढं नवीन टाकलं, लाईट गेला तो गेलाच. सगळ्यात भारी म्हणजे लाईव्ह डेटा, घाटात कूलंटचं टेंपरेचर आकड्यात दिसतं, बऱ्याच गाड्यांत डॅशवरचा काटा हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

कटकटी पण आहेत. एबीएस, एअरबॅगचे कोड सहसा वाचत नाही, साधा ब्लूटूथवाला आयफोनला चालत नाही (त्यांनी वायफायवाला बघा), आणि तसाच खोचून ठेवला तर बॅटरी हळूहळू खातो. २.१ व्हर्जन लिहिलेले क्लोन (नकली कॉपी) शक्यतो टाळा, अर्धवट असतात. आपल्याकडे ओबीडी-२ (हा स्कॅनर ज्याला जोडतो ती गाडीतली फॉल्ट पकडणारी सिस्टीम) एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्याआधीची गाडी असेल तर कनेक्ट होतो का ते आधी कोणाचा तरी लावून बघा, मगच पैसे घाला.