जुन्या बिनटर्बो सुमोला भंगारातला टर्बो: वापरानंतरचा अनुभव

गाडी 2003 ची टाटा सुमो. 1948 सीसीचं साधं डिझेल इंजिन, कागदावर 68 अश्वशक्ती. दिवाळीनंतर तिला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवून घेतला. तेव्हापासून कापसाचा हंगाम, खान्देशातला मे महिना आणि अख्खा पावसाळा ती रोजच्या कामात आहे. आमचं गाव चाळीसगाव तालुक्यात, त्यामुळे संभाजीनगरला जायचं म्हणजे कन्नड घाट चुकत नाही. घरची सात-आठ माणसं आणि सामान भरलं की पूर्वी गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर रडत चढायची आणि मागे गाड्यांची रांग लागायची. आता तीच गाडी तेवढ्याच वजनाला बहुतेक चढ तिसऱ्यात घेते. काम पैसा वसूल आहे, यात मला शंका नाही. मात्र टर्बो हा यातला स्वस्त भाग निघाला. खरा पैसा आणि खरं डोकं लागलं ते ऑईल, उष्णता आणि डिझेल पंप या तिघांत.

कमी पैशात जमण्याचं मुख्य कारण म्हणजे टाटांनी याच 1948 सीसी इंजिनाची टर्बो आवृत्ती स्वतःच बनवली होती. 1998 ची पहिली सफारी त्याच इंजिनावर आली, पुढे टर्बो सुमोही आली, साधारण 90 अश्वशक्तीची. त्यामुळे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला जळका वायू गोळा करणारा पाईप), टर्बो, ऑईलच्या नळ्या हे सगळं भंगारातल्या गाडीवरून एकत्र मिळतं. ज्या गाडीची टर्बो आवृत्ती कंपनीने कधी काढलीच नाही, तिथे मॅनिफोल्ड पाईप वेल्ड करून बनवावा लागतो. साध्या पाईपचं ते वेल्डिंग तापून-गार होऊन तडकतं आणि मग बजेटचा बोजवारा उडतो. माझा सल्ला, अशा गाडीच्या नादी लागू नका.

धुळे-मालेगावकडे फिरून टर्बो घेतला. घेताना हवेच्या बाजूच्या पंख्याचं टोक चिमटीत धरून शाफ्ट हलवून बघायचा. आडवा किंचित हलला तर चालतो, कारण त्याचं बेअरिंग ऑईलच्या थरावर तरंगतं. पुढे-मागे सरकल्याचं बोटाला जाणवलं, किंवा पाती घराला घासल्याच्या चकचकीत रेघा दिसल्या, तर तो तिथेच ठेवायचा. चालू इंजिनात हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तिथे खेळ चालत नाही. माझ्या टर्बोचं घर चांगलं होतं, आतली कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट-बेअरिंगचा गाभा, नवी टाकली. टर्बो, मॅनिफोल्ड, नळ्या, पंपाचं काम, रेडिएटर, मीटर आणि मजुरी धरून चाळिसेक हजार गेले. त्यात टर्बो आणि कार्ट्रिजचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

आता डिझेल पंप. डिझेल इंजिनात टर्बो नुसती हवा वाढवतो. डिझेल तेवढंच राहिलं तर धूर कमी होतो, ताकद फारशी वाढत नाही. म्हणून बरेच फिटर पंपाचा स्क्रू पिळून मोकळे होतात. मग बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) नसताना डिझेल जास्त पडतं, गाडी काळा धूर ओकते आणि पिस्टनचं तापमान वाढत जातं. कंपनीच्या टर्बो गाडीच्या पंपावर बूस्टच्या दाबाने हलणारा डायफ्रॅम असतो, हवा येईल तसं तो डिझेल वाढवतो. तोच पंप शोधून टेस्ट बेंचवर लावून घेतला. आमचे पंपवाले काका जुने मायकोवाले (मायको म्हणजे डिझेल पंप बनवणारी कंपनी, आजची बॉश). त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "भाऊ, हवा येस तितलंच डिझेल देवानं, जास्ती दिधं का पिस्टन गया." त्यांचं ऐकलं म्हणून आजही पीयूसीला गाडी धुरात अडकत नाही.

बूस्ट मुद्दाम कमी ठेवलाय, साडेसहा-सात पीएसआय. या जातीच्या जुन्या इंजिनांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) मुळातच वीसास एकच्या वर असतं. त्यात जास्त हवा कोंबली की हेड पॅकिंग आणि पिस्टन दोन्ही धोक्यात येतात.

उष्णतेचं गणित आपल्याकडे वेगळं आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. 15 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा साधारण 9 टक्के विरळ असते, म्हणजे टर्बोची गरज उन्हाळ्यातच जास्त. आणि हीच हवा 7 पीएसआयपर्यंत दाबली की शंभर अंशांच्या घरात तापते. म्हणून ही हवा गार करणारा इंटरकूलर लावला. तो रेडिएटरच्या पुढे बसला आणि रेडिएटरची हवा अडली. पहिल्या कडक उन्हात घाटात पाण्याचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला. रेडिएटर सोडवून रॉडिंग (नळ्यांमधला गाळ सळईने साफ करणं) करून घेतलं आणि जोडीला इलेक्ट्रिक पंखा बसवला, तेव्हा काटा जाग्यावर आला. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवर, एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा पायरोमीटर लावलाय. लांब चढावर आकडा 700 अंशांकडे जायला लागला की मी पाय उचलतो. माझ्या मते बूस्ट मीटर नसला तरी चालेल, पायरोमीटर हवाच.

एक त्रास मात्र मोठा झाला. काही आठवड्यांतच गाडी आयडलिंगवर उभी राहिली की निळा धूर यायला लागला. गॅरेजवाले म्हणाले, टर्बोचं सील गेलं, नवी कार्ट्रिज टाका. दुसऱ्या मिस्तरीने खाली झोपून बघितलं आणि दोष सापडला. टर्बोतून ऑईल परत येण्याची नळी चेंबरला (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीला) ऑईलच्या पातळीखाली जोडली होती. ते ऑईल फक्त उताराने परत येतं, मागे त्याला ढकलणारा दाब नसतो. तोंड ऑईलमध्ये बुडलेलं असेल तर ते वर टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून बाहेर पडतं. चेंबर उतरवून पातळीच्या वर नवं तोंड वेल्ड केलं, अंगठ्याएवढी जाड नळी वळण न देता सरळ खाली आणली. कार्ट्रिज तीच, धूर बंद. कुणी तुम्हाला सील गेल्याचं सांगितलं तर आधी ही नळी बघा.

रोजच्या वापरात 1800-2000 आरपीएमच्या खाली गाडी जुनीच सुमो आहे, त्याच्या वर खेच जाणवते. हायवेला त्याच वेगात मायलेज थोडं सुधारलंय, लिटरला जेमतेम एक किलोमीटर. जोरात पळवली तर तेही जातं. केवळ मायलेजसाठी कुणी हा खर्च करू नये. जुनी क्लच प्लेट वाढलेल्या ताकदीला पुरली नाही, टॉप गिअरमध्ये वजनासह घसरायला लागली आणि बदलावी लागली. हा खर्च वर धरलेला नाही.

ऑईल 15डब्ल्यू-40 आणि बदलण्याचं अंतर पूर्वीच्या निम्मं. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवत नाही, दोन मिनिटं आयडलिंगवर ठेवतो. गरम टर्बोचा ऑईल पुरवठा एकदम तुटला की आतलं ऑईल जळून कोळसा धरतं. शेतरस्त्याचा फुफाटा हा आपल्या भागातला दुसरा शत्रू. फिल्टर आणि टर्बोमधल्या रबरी होजची क्लिप जरा ढिली असली की धूळ आत ओढली जाते आणि पंख्याची पाती झिजतात. ती क्लिप मी स्वतः बघतो, गॅरेजवर सोडत नाही.

कायद्याचं हलक्यात घेऊ नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरच्या मूळ वर्णनाला छेद जाईल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हेच धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीने हेच इंजिन टर्बोसह विकलं होतं हे खरं, पण आपल्या आरसीवरची गाडी बिनटर्बोची आहे. त्यामुळे आधी आरटीओचा लेखी कागद, विमा कंपनीला लेखी कळवणं, आणि मगच पाना. न कळवलेला बदल अपघातानंतर निघाला तर क्लेम अडतो.

ब्रेकचंही तसंच. गाडी आता घाट वेगात चढते, आणि पलीकडून तोच घाट उतरायचाही असतो. पुढचे पॅड आणि मागचे लायनर मी टर्बोच्या आधीच नवे टाकले होते. सध्या मास्टर सिलिंडरची किट बाकी आहे, ती पुढच्या उन्हाळ्याआधी बसवून घेणार आहे.