प्रसूतीचा आराखडा: लेखी की तोंडी?

बाळंतपणात सोबत कोण असावे, वेदनाशमन कधी हवे, जन्मताच बाळ छातीशी द्यावे का, या इच्छा गरोदर स्त्री एका कागदावर लिहून देऊ शकते किंवा तपासणीच्या वेळी डॉक्टरांशी बोलून ठेवू शकते. बोलण्यात शंका जागीच मिटतात. मात्र पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची आपल्याकडची रीत पाहिली, तर सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टरच बदलतात आणि आधीचे सारे संभाषण मागे राहते, शिवाय कळा रात्री सुरू झाल्यास समोरच्या परिचारिकेला त्यातले काहीच ठाऊक नसते. लेखी कागद तिच्या हाती देता येतो. आवडीची सोबत, हालचालीची मोकळीक, बाळ बाहेर येताना योनीमुखाशी सरसकट छेद देण्याला नकार या मागण्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींशी जुळतात (तरी काही ठिकाणी त्यांना हट्टच समजतात). लेखी आराखड्याची खरी अडचण वेगळी आहे: तो जितका काटेकोर, तितके ऐनवेळी सिझेरियन करावे लागल्याचे शल्य मोठे होऊ शकते. माझा कौल तरीही लेखी आराखड्यालाच आहे, पण तो अर्ध्या पानाचा असावा, त्यात सिझेरियन झाल्यास काय हवे तेही लिहिलेले असावे आणि माहेरच्या डॉक्टरांशी पहिल्याच भेटीत त्यावर बोलणे व्हावे.