नाशिकची शिराझ: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

शिराझ या रेड वाइनची तापलेली बाटली बदलून द्यायला दुकानदाराने साफ नकार दिला, म्हणून आधी तेच लिहितो. बूच बाटलीच्या तोंडावर उचललेलं, वेष्टणाखाली चिकट ओघळ सुकलेला. याचा अर्थ, उष्णतेने आतली वाइन फुगली आणि तिने बूच ढकललं. पुढे बाटली थंड झाली की त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. अशा शिराझला ताज्या जांभळाचा नाही, करपत आलेल्या जॅमचा वास येतो. एप्रिल-मेमध्ये नाशकात एसी नसलेल्या दुकानाच्या दर्शनी फळीवरची बाटली पूर्ण पैसे देऊन घेऊच नये. वेष्टणाचा माथा बोटाने चाचपा; उंचवटा लागला तर परत ठेवा. स्क्रू कॅपची मिळाली तर सरळ तीच घ्या. बूच असलेलीच वाइन भारी, ही समजूत उगाच खिशाला महाग पडते.

आता वाइनबद्दल. पहिले काही महिने माझं मत होतं की आपल्याकडच्या शिराझमध्ये अल्कोहोल अंगावर येतं. त्याला कारणही आहे. इथे द्राक्षवेलींची फळछाटणी पावसाळा सरता सरता होते आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्च. शेवटच्या आठवड्यांत ऊन चढलं की द्राक्षात साखर वाढते, आम्लता उतरते. त्या साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं. लेबलवर १३-१४ टक्के अल्कोहोल दिसतं ते त्यामुळेच. पण तीच वाइन १६ अंशांवर प्यायल्यावर मत बदलावं लागलं. जळजळ गेली आणि मिऱ्याचा वास वर आला. हा वास रोटंडोन नावाच्या घटकाचा. काळ्या मिऱ्यातही तोच असतो. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा सल्ला थंड युरोपातल्या खोल्यांचा आहे, आपल्या ३२ अंशांच्या दिवाणखान्याचा नाही. बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवा. घाई असेल तर निम्मं बर्फ, निम्मं पाणी घेतलेल्या बादलीत पंधरा मिनिटं. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण बर्फाचे खडे काचेला सगळीकडून टेकत नाहीत. ग्लासात एका वेळी १०० मिलीच ओता, कारण ती लगेच तापते.

जेवणात सगळ्यात छान जमतं ते सुकं मटण: भाजलेलं खोबरं, काळा मसाला, तिखट नेहमीच्या निम्मं आणि उतरवताना अर्धा किलोला एक चमचा भरड मिरी. चरबी आणि मीठ टॅनिनचा (रेड वाइनमधल्या तुरट घटकाचा) तुरटपणा मऊ करतात. लाल तिखट मात्र अल्कोहोलची आग वाढवतं. म्हणून मिसळीबरोबर ही वाइन नकोच. शाकाहारी ताटात विस्तवावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरची बेताची, शेंगदाणे आणि तेल सढळ. मासे टाळा: रेड वाइनमधल्या लोहामुळे तोंडात हिवस वास राहतो. पुरणपोळीसमोर ती आंबट आणि कडू लागते. ओकच्या पिंपात मुरलेल्या रिझर्व्हचे जादा पैसे मसालेदार जेवणासाठी तरी घालवू नका. लाकडाचं टॅनिन तिखटाबरोबर कडवट होतं. ती मिरी लावून भाजलेल्या चॉपबरोबर काढा.

एका वेळी बाटली संपणार नसेल तर उघडताक्षणी निम्मी वाइन ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. वर हवा उरत नाही, त्यामुळे ती चार-पाच दिवस सहज टिकते. त्यानंतर उरलीच तर १०० मिली अर्धा किलो मटणाला लावा आणि चार तास मुरू द्या.