गुडघ्याला टेप की पट्टा?

वाटीच्या खाली, नडगीकडे जाणाऱ्या दोरीसारख्या टेंडनवर बोट दाबलं की कळ येते आणि जिना उतरताना जास्तच, असं असेल तर पुढचं वाचा. बाकी गुडघेदुखीतलं मला काही कळत नाही.

माझं सुरू झालं जानेवारीच्या मॅरेथॉनच्या तयारीत. लागोपाठ दोन रविवार पेडर रोडचा चढउतार केला आणि सोमवारी दादरच्या पुलावरून कठडा धरून एकेक पायरी उतरतोय, मागची गर्दी वैतागलेली. फिजिओने स्क्वॉट्स दिले, वर म्हणाली तोवर टेप लावा (कायनेसिओ टेप, कातडीला चिकटणारी ताणाची कापडी पट्टी) नाहीतर पट्टा, काहीही चालेल. मी दोन्ही आणले.

पट्टा सोपा आहे. वाटीखाली बांधा, वेलक्रो आवळा, निघा. पैसे एकदाच, आणि पहिल्या दिवशी मला त्यातच जास्त आराम वाटला हे कबूल करतो. पण ऑक्टोबरचा घाम! शिवाजी पार्कच्या दुसऱ्या फेरीलाच तो पोटरीवर उतरायचा, वर ओढून घट्ट करावा तर मागे लवणीत काचायचा, तिथे लाल चट्टा पडला आणि त्यात घाम उतरला की जी आग होते ती टेंडनच्या दुखण्यापेक्षा वाईट, ऑफिसात पाय दुमडून बसता येईना. त्यात तो वाळत नाही. बॅगेतून वास यायला लागल्यावर आईने उचलून गॅलरीत टाकला.

टेपला लवणीत काही नसतं, तिथेच ती जिंकली माझ्यापुरती. नखरे आहेत, नाही असं नाही. मी पहिल्यांदा खोबरेल लावलेल्या पायावर चिकटवली, ती स्टेशनपर्यंतही टिकली नाही. पाय कोरडा हवा, केस ट्रिम केलेले, कोपरे गोल कापायचे, ताण फक्त मधे द्यायचा, टोकं सैल, मग तळव्याने चोळायची कारण गोंद उष्णतेने धरतो. हे पळायच्या तासभर आधी. माझी तीनेक दिवस राहते. 5 मीटरच्या रोलमध्ये 25 सेंटिमीटरच्या दोन-दोन पट्ट्या धरल्या तर दहा वेळा होतं, म्हणजे महिनाभर. काढताना मात्र तेल लावून हळू काढा, मी एकदा घाईत ओढली आणि शेजाऱ्यांनी काय झालं म्हणून विचारलं. खाज किंवा पुरळ आलं तर लगेच काढा.

ही टेप जपानच्या केन्झो कासे यांनी 1970च्या दशकात काढली, गाजली 2008च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये, तीही खांद्यावर. गुडघा तिने बरा होतो असं मी म्हणणार नाही, दोन्ही नुसती कळ दाबतात, खरं काम स्क्वॉट्सचंच.

पट्टा धाकट्या भावाला दिला. त्याला काही त्रास नाही म्हणे, पण तो बॅडमिंटन खेळतो एसी हॉलमध्ये.