एनव्हीडीए: आठ महिने वापरल्यानंतर, एका डोळस शिक्षिकेकडून

वर्गात पूर्ण अंध विद्यार्थिनी आली आणि तिच्यापायी मलाही एनव्हीडीए शिकावं लागलं. विंडोजवर चालणारा हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, मोफत आणि मुक्तस्रोत आहे. २००६ मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने तो लिहायला घेतला. वापरणाऱ्यानेच घडवलेली वस्तू आहे, हे पदोपदी जाणवतं.

सुरुवात मी चुकीचीच केली. डोळे पडद्यावर, हात माउसवर, वर तो आवाज. नुसती कटकट! दोनदा वैतागून इन्सर्ट+क्यू दाबून बंदच करून टाकला. शेवटी तिनेच विचारलं, "मॅडम, तुम्ही माउस हलवताय का? माझं वाक्य मध्येच तुटतंय." पॉइंटर जाईल तिथलं तो वाचू लागतो, याचा मला पत्ताच नव्हता.

त्या रात्री इन्सर्ट+कंट्रोल+एस्केप दाबून स्क्रीन कर्टन लावला. पडदा काळा होतो, आवाज तेवढा राहतो. एक ओळ लिहून फाइल सेव्ह करायला पाव तास गेला. खरं शिकणं तिथून सुरू झालं. नवख्यांनी दोन गोष्टी आधी घोटाव्यात: कंट्रोल दाबलं की आवाज थांबतो, आणि इन्सर्ट+१ दाबलं की कोणतं बटण काय करतं ते तो सांगतो.

पण सॉफ्टवेअरपेक्षा जास्त दोष सापडले ते माझ्याच फायलींत. गणिताच्या सरावात मी "५ चा वर्ग" हा आकडा वर चढवून ५² असा दिला होता. वर्डमधलं असं सुपरस्क्रिप्ट एनव्हीडीए आपणहून सांगत नाही, तो सरळ "बावन्न" वाचतो. तिने बावन्न धरून अख्खं गणित बिनचूक सोडवलं होतं. मी लाल पेन उचलला आणि खाली ठेवला. डॉक्युमेंट फॉरमॅटिंगच्या सेटिंगमध्ये सुपरस्क्रिप्ट सांगण्याची सोय असते. ती चालू करा.

दुसरं दुखणं जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टचं. आपल्याला दिसतं "मराठी", आत असतात इंग्रजी अक्षरं. बाण दाबत ऐकलं तर "ई, जे, के, बी, एच". माझ्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका अशाच निघाल्या. कन्व्हर्टरने बऱ्याचशा सुधारल्या, जोडाक्षरं मात्र हाताने तपासावी लागली. स्कॅन केलेली पीडीएफ तर एनव्हीडीएच्या लेखी कोरं पान.

एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलक्या प्रणालीचा मराठी आवाज यंत्रासारखा आहे, ऐकायला गोड नाही. पण वेग वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात, म्हणून तिला तोच आवडतो. तिच्या वेगाला मला अजून एक शब्दही कळत नाही. अशा वेळी टूल्समधला स्पीच व्ह्यूअर उघडते; जे बोललं जातं ते तिथे लिहून येतं. डोळस शिक्षकासाठी याहून कामाची सोय नाही, आणि ती मला सापडली पाचव्या महिन्यात!

आता प्रत्येक फाइल पाठवण्याआधी कर्टन लावून एकदा ऐकते. तरी परवा तिचा निरोप आलाच: "मॅडम, तिसरं शीर्षक नुसतं बोल्ड केलंय. हेडिंग स्टाइल लावली नाहीत. एच दाबलं की मी थेट चौथ्यावर जाते."