शंखशिंपल्यांसाठी हवाबंद डबे: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फोंड्याच्या आमच्या घरी वडिलांनी केरी, मोरजी, बेतूल आणि गालजीबागच्या किनाऱ्यांवरून वेचलेले सुमारे तीनशे शंखशिंपले आहेत. वडील ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवत. मला ते फार गबाळे वाटे, म्हणून मी सुताराकडून प्लायवूडचे बारा खणांचे देखणे कपाट करून घेतले, प्रत्येक खणात कापूस अंथरला आणि संग्रह त्यात मांडला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खण उघडले, तेव्हा कवड्यांची झळाळी गेली होती आणि त्यांच्यावर पिठासारखी पांढरी भुकटी जमली होती. बुरशी समजून मी ती ओल्या फडक्याने पुसली आणि कवड्यांना ऊन दाखवले. दीड महिन्यात ती पुन्हा आली. खणाला येणारा किंचित आंबूस वास मात्र तोवर मी मनावर घेतला नव्हता.

ही बुरशी नव्हे. शिंपला हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे ज्यापासून चुना भाजतात त्याच पदार्थाचा बनलेला असतो. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा आणि त्यांतील सरस यांतून ॲसेटिक व फॉर्मिक आम्लांची वाफ सतत थोडी थोडी निघत असते. बंद खणात ती कोंडते आणि हवेतील ओलाव्याच्या साहाय्याने शिंपल्याचा पृष्ठभाग खाते. पांढरी भुकटी म्हणजे त्यातून तयार झालेले क्षार. इंग्रज संग्राहक बाइन यांनी १८९९ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. त्यांनी त्याचा दोष जिवाणूंना दिला होता, तो पुढे चुकीचा ठरला. थोडक्यात, वडिलांचा पत्र्याचा डबा माझ्या कपाटापेक्षा शहाणा होता.

एप्रिलमध्ये मी झाकणाला रबरी कड असलेले, पॉलिप्रॉपिलीनचे (तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असलेले) चौदा डबे घेतले. त्याआधी बाधित शिंपले साध्या पाण्यात दोन दिवस, पाणी बदलत भिजवले, मऊ ब्रशने घासले आणि सावलीत पंख्याखाली आठवडाभर वाळवले. व्हिनेगर किंवा लिंबू लावण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण आम्लाने बिघडलेल्या वस्तूवर पुन्हा आम्लच ओतण्यासारखे ते आहे. भुकटी निघाली, पण कवड्यांची गेलेली चकाकी परत आली नाही आणि ती येतही नाही. तेलाचा हात फिरवल्यास रंग काही दिवस खुलतो, परंतु धूळही चिकटते.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जुलैमध्ये खोलीतील आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत असताना डब्यातील छोटा मापक ५० च्या आसपास राहिला. प्रत्येक डब्यात सिलिका जेलची एक कापडी पुरचुंडी ठेवली होती. कोरडे असताना नारिंगी असलेले हे दाणे ओलावा शोषून हिरवे होतात. मग ते स्टीलच्या ताटात पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा नारिंगी होतात. पावसाळ्यात मला हे तीनदा करावे लागले. ज्यांना याचा कंटाळा असेल त्यांनी या पद्धतीच्या वाटेला जाऊ नये, कारण ओले झालेले जेल बदलले नाही तर हवाबंद डबा ओलावाच जपून ठेवतो.

एक चूक माझीही झाली. बेतूलला मिळालेला एक लांबट शंख आतून रिकामा आहे असे समजून मी डब्यात ठेवला. त्याच्या टोकाशी मांसाचा तुकडा राहिला होता. चार दिवसांनी झाकण उघडताच घरात जो दर्प पसरला, तो आमच्या सुक्या मासळीच्या बरणीलाही लाजवणारा होता. आता नवा शंख महिनाभर बाहेर ठेवल्याशिवाय आत जात नाही. डांबरगोळ्याही मी टाकत नाही, कारण पारदर्शक पॉलिस्टायरीनचे छोटे डबे त्यांच्या वाफेने मऊ पडून चिकट होतात.

संग्रहातील चार सपाट, अर्धपारदर्शक शिंपले पाडलेल्या जुन्या घराच्या खिडकीतील आहेत. काचेआधी गोव्यात तावदानांना हेच शिंपले बसवत. चिखलीच्या खाडीत ते आजही आढळतात, मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण असल्याने ते काढता येत नाहीत. तेही लाकडी चौकटीतच होते, तरी कितीतरी पावसाळे टिकले. माझ्या मते फरक वाऱ्याचा असावा: खिडकीत हवा खेळते, बंद खणात ती कोंडते.

तक्रारी दोन आहेत. डबे एकावर एक रचलेले असल्याने पाहुण्यांना संग्रह दाखवणे म्हणजे अर्ध्या तासाचे काम, आणि तळहाताहून मोठे शंख त्यांत मावत नाहीत. ते मी जाड पॉलिथिनच्या पिशव्यांत ठेवले आहेत. वडिलांच्या अक्षरातील ठिकाण-तारखेच्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या पूर्वीच कसरीने खाल्ल्या होत्या. उरलेल्यांची नक्कल पेन्सिलीने करून प्रत्येक शिंपल्यासोबत ठेवली आहे, कारण शाई ओलाव्याने पसरते. कपाट मात्र वाया गेले नाही. त्यात आता चादरी आहेत.